सुधारून कमी केलेली आवृत्ती

सरांच्या एकुलत्या एका पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा ती पहिलीपेक्षा आठ पानांनी लहान होती. आपल्याकडं दुसऱ्या आवृत्तीवर ‘सुधारून वाढवलेली’ असं छापायची रीत आहे. सरांनी ‘सुधारून कमी केलेली आवृत्ती’ असं छापायला सांगितलं. मस्तगडच्या छापखानेवाल्याला ती नजरचूक वाटली आणि त्यानं चांगुलपणानं ती परस्पर दुरुस्त केली. सर एप्रिलच्या उन्हात पायी छापखान्यात गेले आणि ते पान बदलून घेऊन आले. छापखानेवाला अजून सांगतो, “इतक्या वर्षांत पुस्तक बारीक करायला आलेलं गिऱ्हाईक मी एकच बघितलं.”

मुळात ते पुस्तक बावन्न पानांचं. काढून टाकलेल्या कवितांत आईवरची एक होती. जिल्ह्यातल्या प्रत्येक कविसंमेलनात तिची मागणी व्हायची, बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मी विचारलं, “सर, नेमकी तीच का काढली?”

“टाळ्या कोणत्या ओळीला पडतात ते मला आधीच कळायला लागलं,” सर म्हणाले. “मंग मी त्या ओळीच्या आधी थांबून राह्यलो. आईच्या नावावर असं थांबायचं म्हणजे कटोरा पुढं करणं झालं.”

जालन्यातल्या आमच्या कॉलेजात मराठी विभागात दोनच माणसं होती, सर आणि मी. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, सहकारी होतो, पण त्यांना नावानं हाक मारायची माझी कधी हिंमत झाली नाही. चहा अर्धा कप प्यायचे. उरलेला अर्धा कुणी आग्रहानं ओतला तर तो तसाच ठेवून उठायचे. सदरे तीन होते, तिन्ही एकाच कापडाचे. दिसायला किरकोळ, आवाज लहान, आणि खिशात कायम एक लाल पेन्सिल. ती पेन्सिल म्हणजे सरांचा सगळा कारभार. कुणाच्याही लेखनात त्यांनी एक शब्द कधी घातला नाही. फक्त काढायचे. “घालणं लिहिणाराचं काम. मी झाडून देतो,” म्हणायचे.

सर परतूर तालुक्यातल्या आष्टीचे. छप्पन सालानंतर आजोबांच्या पिढीत बौद्ध झालेलं घर. आईवडील दोघंही दुसऱ्याच्या रानात मजुरीला. वस्तीत वाचता येणारं पहिलं माणूस हेच, म्हणून चौथीत असल्यापासून सगळ्यांची पत्रं वाचून दाखवायचं काम यांच्याकडं. ते सांगायचे की कार्डावर वरती सगळ्यांना नमस्कार असायचा, खुशाली असायची, पाऊसपाणी असायचं. आणि खरी बातमी, म्हणजे कोण गेलं, कुणाला सासरी मारलं, ती जागा संपत आल्यावर कडेला उभ्या ओळीत कोंबलेली असायची. ऐकणारी म्हातारी म्हणायची, “वरचं राहू दे बाबा, कडंचं वाच.”

“माझं साहित्यशास्त्र एवढंच,” सर म्हणायचे. “कडंचं वाच.”

वर्गातल्या निबंधाच्या वह्या ते तपासायचे तेव्हा पानंच्या पानं लाल व्हायची. एका मुलीच्या नऊ पानांच्या निबंधातून त्यांनी एक वाक्य शिल्लक ठेवलं होतं आणि ते वाक्य आठवडाभर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं. ज्या वहीत त्यांना काहीच सापडत नसे ती वही कोरी परत जायची. रेघ नाही, शेरा नाही, सहीसुद्धा नाही. नवीन पोरं कोरी वही बघून खूश व्हायची. दिवाळीनंतर ती रडायला लागायची, कारण तोवर वरच्या वर्गातल्यांनी त्यांना अर्थ सांगितलेला असायचा.

एकदा एक पालक पेढ्यांचा पुडा घेऊन आले. त्यांच्या मुलाच्या वहीत वर्षभरात एकही चूक निघाली नव्हती. सरांनी पेढा घेतला, खाल्ला, हात पुसले. पालक गेल्यावर मी म्हणालो, “सर, खरं सांगायचं होतं ना.”

“त्यानं पेढे आणले. मी काय धोंडा द्यावा? झाडायला काही असलं तर झाडू घेऊन जावं माणसानं. मोकळ्या मैदानात काय झाडून राह्यले?”

आमच्या नोकरीत बढती गुणांवर मिळते आणि गुण छापील पानांवर. पानांवर काय आहे हे कुणी विचारत नाही, कारण विचारणारालाही आपली पानं मोजून द्यायची असतात. ‘आंतरराष्ट्रीय’ असं नाव असलेली नियतकालिकं झेरॉक्सच्या दुकानांतून निघतात आणि आठ दिवसांत लेख छापून देतात. माझे असे अनेक लेख आहेत. शिवाय तेवीस पुस्तकं आहेत. मी प्राध्यापक झालो, विभागप्रमुख झालो, परीक्षकांच्या यादीत गेलो. सर माझ्याहून पंधरा वर्षांनी वडील, आणि लागले त्याच पायरीवर निवृत्त झाले. प्राचार्यांनी त्यांना एकदा कळवळून विचारलं होतं, “सर, वर्षाला निदान दोन लेख तरी?”

“दोन विचार आले की देतो,” सर म्हणाले. प्राचार्यांनी ते उद्धटपणाच्या खात्यात टाकलं. माझ्या मते सर तेव्हा साधी माहिती देत होते.

बारा तासांचं अखंड काव्यवाचनही त्याच काळातलं. सकाळी सात ते संध्याकाळी सात, एकशे एक कवी, आणि विक्रमाची नोंद करायला कुठून तरी आलेला, गळ्यात ओळखपत्र घातलेला एक माणूस. उद्घाटनाला सरांना नेलं होतं. सरांनी सहा ओळींची कविता वाचली. विहिरीजवळ घागर घेऊन थांबलेली एक बाई, एवढीच ती कविता. सहा ओळी ती फक्त थांबलेली असते. कशासाठी थांबली, आपण होऊन पाणी का काढून घेत नाही, हे कवितेत कुठंच नाही. आमच्या भागात ते कुणाला सांगावं लागत नाही. वाचून सर खाली बसायला लागले, तर निवेदक माईकवर म्हणाला, “सरांनी आपल्याला अजून एका रचनेचा लाभ द्यावा!”

सर परत उभे राहिले. “तीच वाचतो. मघाशी कुणी ऐकली न्हाई.”

आणि खरंच तीच वाचली. या वेळी मंडपात थोडी शांतता झाली. मग विक्रम नोंदवणारा माणूस उठून निवेदकाच्या कानाशी लागला की एकच कविता दोनदा धरता येणार नाही, आणि कार्यक्रम पुढं सुरू झाला.

आता माझ्याबद्दल, थोडक्यात. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक गोष्ट लिहिली होती, चौदा पानांची. सरांना वाचायला दिली. ती लाल होऊन आली. मी पुन्हा लिहिली, पुन्हा लाल. असं चौदा महिने चाललं. शेवटी पाच पानं राहिली. त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “आता हात लावू नका. जाऊ द्या तिला.” ती गोष्ट एका चांगल्या दिवाळी अंकात आली. आजही कुणी भेटलं की त्या गोष्टीचंच विचारतं. नंतरच्या तेवीस पुस्तकांबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही. पण मी त्यानंतर सरांना काही दाखवलं नाही. चौदा महिन्यांत पाच पानं, या वेगानं माणूस विभागप्रमुख होत नाही. सरांनीही कधी मागितलं नाही. एकदाच म्हणाले, “तुमचा लाल रंग लवकर सुटला.”

निवृत्तीनंतर सर जाफराबादला मुलीकडं राहायला गेले. मुलगी तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. मी वर्षातून एकदोनदा एसटीनं जायचो. सर दुसरं पुस्तक लिहीत होते, गद्य, त्या वस्तीतल्या पत्रांबद्दल. दहा वर्षांत एका दोनशे पानी वहीची अडतीस पानं झाली होती. एकच प्रकरण राहिलं होतं, शेवटचं.

“एका बाईच्या लेकीचं कार्ड आल्तं,” सर एकदा मला म्हणाले. “ती बाई समोर बसली. म्हणली, कडंचं वाच. मी बघितलं कडंला काय आहे ते. आन मी ते वाचलं न्हाई. म्हणलं, जागा कोरी आहे मावशी, सगळं बरं आहे. ती त्या आनंदात बाजाराला गेली. मी नऊ वर्षांचा होतो. साठ वर्षं झाली. ते एक बराबर लिहून झालं की सुटलो. दोन पावसाळे लागतील.”

ते दोन पावसाळे आम्ही खाल्ले. कसे, ते सांगतो.

सरांना सत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना, म्हणजे भाऊसाहेबांना, त्यांच्याबद्दल अचानक प्रेम दाटून आलं. शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेनं आपल्या निवृत्त प्राचार्यांचा गौरवग्रंथ काढला होता आणि तो भाऊसाहेबांच्या टेबलावर येऊन पडला होता. त्यांनी तो हातावर तोलून पाहिला. म्हणाले, “आपल्याकडं असा एक तरी माणूस असंल ना?” सरांचं पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं, पण ते बारीक असल्याचं ऐकून होते, आणि ती कसर गौरवग्रंथात भरून काढायची असं त्यांनी ठरवलं. संपादक मी.

मी जाफराबादला गेलो. सरांनी ऐकून घेतलं.

“छापायचाच म्हणता?”

“भाऊसाहेबांचा फार आग्रह आहे, सर.”

“मंग सोळा पानं. छापखान्याचा एक फॉर्म. त्याच्यात मामांना लिहू द्या, आन तुम्ही लिहा. दोघंच.”

मामा म्हणजे आमच्या ग्रंथालयातले शिपाई. सातवी शिकलेले.

“दोघंच कसं, सर? इतके लोक...”

“मला ओळखणारे तेवढेच हायेत. बाकीचे मान देऊन राह्यले.” मग जरा पुढं सरकून म्हणाले, “मी का सांगून राह्यलो ते समजून घ्या. माझ्या हातात छापलेलं आलं की मला ते खोडल्याशिवाय वाचता येत न्हाई. आन माझ्यावरचं असंल तर वाचल्याशिवाय राहवणार न्हाई. सोळा पानं मी तीन दिवसांत निपटतो. लई दिलं तर माझं काम राहील.”

“शब्द देतो, सर. सोळाच पानं.”

“शब्द नको. शब्द तुमच्याकडं लई झालेत. सोळा पानं द्या.”

निघताना त्यांच्या मुलीनं चहा दिला, पूर्ण कप. मी तो सगळा प्यालो.

मामांचा लेख सगळ्यात आधी आला. अर्धं पान, वहीचा कागद, निळी शाई. मला तो पाठ आहे, म्हणून इथं देतो:

“सर लायब्ररीत आले की आधी हात धुवायचे. एक पुस्तक न्यायचे. ते आणल्याशिवाय दुसरं घेत नव्हते. एका पुस्तकाला दीड वर्ष लावलं. मी म्हणलं सर, दुसरं देऊ का? म्हणले मामा, हे अजून संपलं न्हाई. माझी बायको वारली तेव्हा सगळे आले, लई बोलले. सर आले, बसले, बोलले न्हाईत. जाताना घरात गेले आन रिकामा माठ भरून ठिवला. आम्हाला ध्यानच नव्हतं की घरात पाणी न्हाई.”

खाली सही. मामांचं घर गावातल्या जुन्या शेतकरी घरांपैकी. त्यांच्या आज्याच्या काळात सरांच्या आज्याला त्या घरातल्या माठाजवळ जाता आलं नसतं. मामांनी ते लिहिलं नव्हतं. त्यांना त्याची गरज वाटली नव्हती.

मग समितीची बैठक झाली. समितीत अकरा जण. भाऊसाहेब म्हणाले, “सोळा पानं? अहो, लग्नपत्रिका काढायची का आपल्याला? ग्रंथ हातात घेतला की हात खाली गेला पाहिजे.” उपप्राचार्यांना नामी कल्पना सुचली. ग्रंथाला आयएसबीएन क्रमांक घ्यायचा, म्हणजे त्यात लेख छापणाऱ्या प्रत्येकाला बढतीचे गुण मिळतील. त्या दुपारपासून माझ्याकडं लेखांचा पूर आला. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी तणांवर दिला. वाणिज्यवाल्यांनी बचत गटांवर. भूगोलवाल्या मॅडमनी ‘जाफराबाद तालुक्यातील सिंचन विहिरी: एक अभ्यास’ दिला आणि शेवटी, “सर सध्या याच तालुक्यात वास्तव्यास आहेत,” असं एक वाक्य जोडून त्याचा गौरवग्रंथाशी संबंध लावला. भाऊसाहेबांचा स्वतःचा लेख अठरा पानांचा. त्यात सर पंधराव्या पानावर येतात.

ज्यांनी सरांवर लिहिलं त्यांनी तर कहर केला. परिस्थितीवर मात, काट्यांतून वाट, आणि चिखलातून उगवलेलं कमळ. ते कमळ मी मोजायचं सोडून दिलं. सरांना फोनवर चेष्टेत सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, “आमचं घर चिखलात न्हवतं. आष्टीत होतं. शहाबादी फरशी होती, आई दर शनिवारी धुवायची.”

मी विरोध केला का? केला. एका बैठकीत सोळा पानांचं बोललो. भाऊसाहेब हसून म्हणाले, “सर मोठे आहेत, ते नकोच म्हणणार. आपण का त्यांचं ऐकायचं?” सगळे हसले. मीही हसलो. माझी विभागप्रमुखपदाची मुदत त्याच महिन्यात वाढायची होती.

मामांच्या लेखाचा प्रश्न राहिला. समितीनं किमान तीन पानांचा नियम केला होता. अर्ध्या पानाचा लेख बाकीच्यांत बरा दिसत नाही, असं ठरलं. ते काम मी स्वतः केलं. मामांचं एकही वाक्य मी काढलं नाही, हे माझं त्या वेळचं समाधान. मी फक्त मधे मधे भरलं. सर हात धुवायचे तिथं ज्ञानमंदिराच्या पावित्र्यावर एक परिच्छेद. दीड वर्षाच्या पुस्तकापाशी व्यासंग. आणि माठापाशी सामाजिक समता, तीही दीड पान. छापलेलं मामांना दाखवलं. त्यांनी बोट फिरवत सगळं वाचलं.

“सर, हे मी लिव्हलं?”

“तुमचंच आहे, मामा. जरा नीट केलं.”

“आसंल,” मामा म्हणाले. “माठ कुठं गेला ते जल्दी सापडंना, म्हणून इचारलं.”

ग्रंथ झाला सातशे बारा पानांचा. त्यात माझी प्रस्तावना एकतीस पानांची, आणि खोटं कशाला बोलू, लिहिताना मला ती आवडली होती. तिच्यात साधेपणा या विषयावरच सात पानं होती. प्रकाशनाला मंडप, तुतारी, फेटे, तीन आमदारांचे शुभेच्छासंदेश. भाऊसाहेबांनी ग्रंथ दोन्ही हातांनी उचलून सभेला दाखवला आणि “हे बघा वजन!” म्हणाले. सरांना फेटा बांधला होता. तो कानावर उतरत होता. ते बोलायला उभे राहिले.

“पुस्तक जड आहे,” सर म्हणाले. “वाचून सांगतो.”

लोकांना तो विनोद वाटला. टाळ्या पडल्या. मला एकट्याला माहीत होतं की हा माणूस विनोद करत नाही. खाली उतरताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ग्रंथ कुणाकडं दिला नाही, स्वतः काखेत धरून जीपपर्यंत चालत गेले, दर दहा पावलांना काख बदलत.

त्यानंतर मी जाफराबादला गेलो नाही. कारणं होती. माणसाला न जायचं असलं की कारणं असतातच. फोन करायचो. मुलगी उचलायची. “बाबा कामात आहेत, काका.” मला बरं वाटायचं. म्हणजे शेवटचं प्रकरण चाललंय.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. बातमी कळली तेव्हा मी एका चर्चासत्रात होतो, अध्यक्षस्थानी. दोन आठवड्यांनी, कॉलेजातल्या शोकसभेची भाषणं आणि फुलं झाल्यावर, मी जाफराबादला गेलो, मामांना बरोबर घेऊन. सरांच्या मुलीनं आतून तो ग्रंथ आणला. कडा मळल्या होत्या, पाठ खिळखिळी झाली होती. आमच्या सबंध जिल्ह्यात वाचली गेलेली ती बहुधा एकच प्रत.

“हे तुम्हाला द्यायला सांगितलंय,” ती म्हणाली. “बाबा रोज तीन पानं करायचे. सकाळी बसले की जेवायलाच उठायचे. मी म्हणलं, बाबा, तुमची वही घ्या की. तर म्हणले, एवढं सुधारून देतो आन मंग माझं घेतो. लोकांनी मेहनत केलीय. डोळ्याचा त्रास होता, तरी ऐकलं न्हाई. आठ महिने पुरलं. शेवटचं पान झालं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात दवाखान्यात नेलं.”

“आणि वही?”

तिनं वही दाखवली. अडतीस पानं, त्यांच्या बारीक अक्षरात. एकोणचाळिसाव्या पानावर फक्त तारीख होती, प्रकाशनाच्या आदल्या दिवसाची.

ती मावशी, तिची लेक, कार्डाच्या कडेला जे होतं आणि नऊ वर्षांच्या पोरानं जे वाचलं नाही, ते आता कुणालाच कळणार नाही. त्याच्या बदल्यात तणांवरच्या लेखाची शुद्ध प्रत तयार झाली आहे.

मी ग्रंथ उघडला. पहिल्यांदा भूगोलवाल्या मॅडमचा लेख लागला. बावीस पानं लाल, आणि एक वाक्य तेवढं मोकळं: गावातल्या सात विहिरींपैकी पाचांना पाणी नाही. ते वाक्य खरंच चांगलं होतं. छापताना मला दिसलं नव्हतं. कमळं सगळी गेली होती, एकूण एक. एका माजी विद्यार्थ्याच्या दहा पानांतून “सरांची सावली माझ्यापेक्षा बुटकी होती” एवढं उरलं होतं. भाऊसाहेबांची अठरा पानं कोरी. तिथं मला हसू आलं.

मग मी मामांचा लेख काढला. तीन पानं. ज्ञानमंदिर गेलं होतं, व्यासंग गेला होता, दीड पानाची सामाजिक समता एका आडव्या रेघेनं गेली होती. जे उरलं होतं ते मी वाचत गेलो. सर लायब्ररीत आले की आधी हात धुवायचे. एक पुस्तक न्यायचे. पुढं, पुढं, माठापर्यंत. मामांचा वहीचा कागद सरांनी कधी पाहिला नव्हता. तो माझ्या कपाटात होता. तरी त्यांनी माझा प्रत्येक शब्द काढला होता आणि मामांच्या एकाही शब्दाला हात लावला नव्हता. शेवटच्या ‘न्हाई’ला मी ‘नाही’ केलं होतं, तेवढंच एक माझं राहून गेलं होतं.

मामा माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी चष्मा नीट केला आणि लाल रेघांच्या मधलं मोठ्यानं वाचलं.

“बराबर,” ते म्हणाले. “एवढंच म्हणलं होतं मी.” मग पान उलटत म्हणाले, “आन तुमचं कुठंय, सर? तुमचं तर सुरवातीला आसंल.”

मी सुरुवातीला गेलो. एकतीस पानं. एकेक उलटलं. साधेपणावरची सात पानं उलटली. पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नव्हता. पानांच्या कडांवर त्यांच्या अंगठ्याचे मळकट डाग होते, म्हणजे वाचली होती सगळी.

मामा चाळीस वर्षं ग्रंथालयात होते. सरांच्या वर्गात ते कधी बसले नव्हते.

“तुमचं काईच खोडलं न्हाई की,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा हेवा होता. “मंग तुमचं बिलकुल बराबर आसंल, सर.”

मी हो म्हणालो.